पोह्यांवरची कोथिंबीर घरची

रविवारी सकाळी इंदूरमध्ये घरी पोहे करणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर पुण्याहून आलेला. बाकी सगळे कोपऱ्यावरून पुडकं आणतात. आमच्याकडेही तेच. पोहे त्यांचे, सेव त्यांची, वर भुरभुरायचा जीरावण मसाला त्यांचा, जिलबी तर त्यांचीच. फक्त कोथिंबीर आमची. पुडकं टेबलावर येईपर्यंत सासूबाई कात्री घेऊन गच्चीवर गेलेल्या असतात आणि मूठभर कोथिंबीर घेऊन अशा खाली येतात, जणू सराफ्यातून दागिना घडवून आणलाय.

या मूठभर कोथिंबिरीनंच मला बागकामाचा पहिला धडा दिला. धणे पेरले, पंधरा दिवस पाणी घातलं, काही म्हणता काही उगवलं नाही. तेव्हा कळलं की धणा दिसतो एक, पण असतो दोन. दोन बिया पाठीला पाठ लावून एकाच कवचात बसलेल्या असतात. पेरण्याआधी तो हलक्या हातानं रगडून दुभंगावा लागतो. सासूबाई लाटणं वापरतात. त्यांच्या आईकडे पायातली वहाण वापरत म्हणे. धणा फुटला पाहिजे, पिचला नाही पाहिजे, एवढंच.

तेव्हापासून आमच्या गच्चीवर जे जे कळलं, आणि त्यातलं जे पुढे स्वयंपाकघरात उतरलं, त्याची ही भेळ.

साहेब, वाड आणि ढीग

इंदूरनं जगाला काय दिलं, असं विचारलं तर इंदुरी माणूस सेव म्हणेल. खरं उत्तर आहे खत! ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत आहे, आणि ती पद्धत याच गावात तयार झाली.

१९२४ मध्ये इथे वनस्पती-उद्योग संशोधनाची संस्था निघाली. होळकर दरबारानं ३०० एकर जमीन दिली. संचालक म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. हा माणूस १९०५ पासून हिंदुस्थानात होता. बिहारात पुसा इथे पत्नी गॅब्रिएलबरोबर त्यानं गव्हाच्या नव्या जाती काढल्या होत्या. इंदूरला काम होतं कापसावर. पण साहेबाचं लक्ष गेलं ते कापूस वेचल्यावर उरणाऱ्या पळकाट्यांवर, तणावर आणि पालापाचोळ्यावर. पळकाटी इतकी चिवट की कुजायचं नाव घेईना. मग ती शेतातल्या रस्त्यांवर पसरली आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडून घेतली. तो चुरा, शेण, गोठ्यातली गोमूत्रानं भिजलेली माती आणि लाकडाची राख असे थर रचायचे, पाणी शिंपडायचं, ठरावीक दिवसांनी ढीग तीनदा उलटायचा. साधारण तीन महिन्यांत काळंभोर, मातीच्या वासाचं खत तयार.

१९३१ मध्ये या सगळ्यावर पुस्तक निघालं. त्यावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड त्या संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक होते. साहेब पुढे ‘सर’ झाला, सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून त्याचा फोटो छापला जातो. वाडांचं नाव किती इंदूरकरांना माहीत आहे? आमच्या भिशीत विचारलं तर एकीनं ‘वाडांकडे भिशी कधी आहे?’ असं उलट विचारलं.

१९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले, तेव्हा ही संस्था आणि हे खत मुद्दाम बघून गेले. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे.

आमच्या घरी बैलगाडी नाही. एक निळा ड्रम आहे, त्याला खालपर्यंत भोकं पाडलेली. ओल्या सालींवर दुप्पट सुका पाला, ही एवढीच युक्ती. वास यायला लागला तर समजायचं की ड्रमचा जीव घुसमटतोय. पाला वाढवायचा, काठीनं ढवळायचं. चांगला पेटलेला ढीग साठ अंशांच्या वर तापतो. एकदा थंडीत सकाळी मी झाकण उघडलं, तर आतून चहासारखी वाफ आली. नवऱ्यानं विचारलं, “आलं घातलंस का?”

रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर ओळीनं मिळवणाऱ्या गावात ओला-सुका वेगळा न करणं म्हणजे सोवळ्यात चप्पल घालण्याइतकं पाप. गावाचा ओला कचरा देवगुराडियाला जातो. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणारा जैव-सीएनजीचा कारखाना सुरू झाला. म्हणजे शेजारच्या घरातल्या मटाराच्या सालींवर सिटी बस धावते. आमची बादली मात्र रिकामीच असते. गाडीवरच्या पोऱ्यानं एकदा काळजीनं विचारलं, “आंटीजी, घर में सब्जी नहीं बनती क्या?”

लाव्ह्याच्या लेकी

पुण्याची काळी माती आणि माळव्याची काळी माती सख्ख्या बहिणी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा वाहिला, त्यातूनच सह्याद्रीचे कडे झाले आणि माळव्याचं पठारही. तेव्हा इंदूरला स्थायिक झालेल्या मराठी माणसानं ‘परमुलखात आलो’ म्हणून उसासे टाकण्याचं काही कारण नव्हतं. जमीन माहेरचीच होती.

शेतात ही माती राणी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्यात ओघळते, पावसात फुगून पुन्हा मिटते. स्वतःच स्वतःला नांगरते म्हणा ना! कुंडीत मात्र तीच माती सासुरवाशिणीसारखी रुसते. पाणी घातलं की चिकट गोळा, नाही घातलं की वीट. निम्मं खत आणि थोडी वाळू मिसळल्याशिवाय ती मुळांना आत येऊ देत नाही.

आणि पाणी? ते १९७८ पासून नर्मदेचं. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपांनी विंध्याची चढण चढवून आणलेलं. इतक्या लांबून आलेल्या पाहुणीला थेट कुंडीत ओतायचं आमच्या घरात सगळ्यांच्याच जिवावर येतं. त्यामुळे तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी आधी. मोगऱ्याला ते मानवतं असं दिसतं.

गावाच्या पत्त्यात बाग

इंदूरचा नकाशा वाचला तर रोपवाटिकेची यादी वाटते. लालबाग, रामबाग, छत्रीबाग, नारायणबाग, केसरबाग. इमली बाजारात चिंच, पिपल्याहान्यात पिंपळ, पलासियात पळस. नवलखा म्हणजे नऊ लाख झाडं होती तो भाग, असं जुने लोक सांगतात. मोजायला कोण गेलं होतं, हे विचारायचं नाही. माणिकबागेतला यशवंतराव होळकरांचा महाल जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियसनं बांधला. आता त्यात करखात्याचं कार्यालय आहे. म्हणजे बागेत जाऊन पैसे देऊन यायचं!

जाम खाणार?

पुण्याची मावसबहीण आली होती. शेजारच्या भाभींनी कठड्यावरून प्रेमानं विचारलं, “दीदी, जाम खाओगी?” ही म्हणाली, “हो, पण ब्रेड आहे का?” भाभींनी तिच्या हातात दोन पिकलेले पेरू ठेवले. माळव्यात पेरू म्हणजे जाम.

इथल्या मराठी बाईला प्रत्येक भाजीची दोन नावं पाठ असावी लागतात, एक गाडीवाल्याशी बोलायचं आणि एक सासूशी. घोसाळं म्हणजे गिलकी, दोडका म्हणजे तुरई, चाकवताला बथुआ, शेवग्याला सुरजना, वालपापडीला बालोर. माझी मुलगी लहानपणी ‘आई, गिलकीची भाजी नको, घोसाळ्याची कर’ म्हणायची. दोन दिवस फसली, तिसऱ्या दिवशी तिला कळलं.

भजीच्या बाबतीत मात्र भांडण नाही. पावसाळ्यात गिलकीच्या पातळ चकत्या बेसनात बुडवून तळायच्या, हे माळव्यालाही माहीत आणि देशावरही. घोसाळं आतून लोण्यासारखं होतं, बाहेरून कुरकुरीत. ताजं तोडलेलं असेल तर चकतीच्या कडेला पाण्याचे थेंब दिसतात. ते फडक्यानं टिपायचे, नाही तर तेल अंगावर उडतं. माझ्या मनगटावरचा ठिपका त्याचाच.

फुलांचं घड्याळ

आता माझ्या आवडीची गोष्ट. घोसाळं आणि दोडका ही सख्खी भावंडं, दोघांची फुलं पिवळी. पण घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दोडक्याचं दिवस कलल्यावर. दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळी उघडतात, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे रात्रीचे पतंग. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फूल मान टाकतं.

नवशिक्यांची ठरलेली तक्रार असते की फुलं येतात आणि गळून पडतात. अहो, पहिली फुलं बहुतेक नरांचीच! मादीचं फूल ओळखायचं तर पाकळ्यांच्या मागे पाहायचं. तिथे करंगळीच्या पेराएवढा इवलासा, लव असलेला दुधी आधीच बसलेला असतो. चौथ्या मजल्यावर पतंग फिरकले नाहीत तर माणसानं ते काम करावं. आमच्याकडे दिवेलागणीला नवरा टॉर्च धरतो आणि मी नराचं फूल खुडून मादीच्या फुलावर टेकवते. समोरच्या इमारतीतले लोक काय समजत असतील कोण जाणे. पण गेल्या वर्षी सात दुधी झाले. (दुधी किसण्याआधी एक चकती चाखून बघा. कडू लागला तर सरळ फेकून द्या. कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो.)

गुलबक्षीचं घड्याळ चार-पाचला उघडतं. ती मूळची अमेरिकेकडची, आणि तिनं विज्ञानाला एक कोडं घातलं. पांढरट डागांच्या पानांची गुलबक्षी असते ना, तिचा तो गुण फक्त आईकडून उतरतो, बापाचा काही संबंध नाही. जर्मनीच्या कार्ल कोरेन्सनं हे १९०९ मध्ये दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडे हे कुणाला सांगायची गरज नव्हती. सगळ्या मुली आईवरच गेल्यात.”

शेवंतीचं घड्याळ त्याहून हट्टी. रात्र मोठी होत गेली तरच ती कळ्या धरते. आमच्या पाच कुंड्यांपैकी चार कुंड्या फुलांनी लगडल्या, आणि कोपऱ्यातली पाचवी डिसेंबर उलटला तरी हिरवीगार, ठणठणीत, बिनफुलाची. खत घालून झालं, दटावून झालं. मग लक्षात आलं की तिच्यावर रस्त्याचा दिवा रात्रभर पडतो. तिच्या हिशेबी रात्र झालीच नव्हती! पुढच्या वर्षी तिला पाण्याच्या टाकीमागे हलवली. नोव्हेंबरात पिवळी धमक. फुलशेतीवाले हीच युक्ती उलटी वापरतात. दिवे लावून शेवंती लांबवतात आणि हव्या त्या सणाला फुलवतात.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. गणपतीला ताजंच हवं, हा नियम तिला आधीच माहीत असल्यासारखा. तिच्या शेजारी भेंडीचं फूल धरून बघा, घडण तीच, फक्त रंग फिका पिवळा आणि पोटात गडद डाग. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले. ज्या कापसानं इंदूरच्या गिरण्या चालवल्या, त्याची एक चुलत बहीण देवघरात आणि दुसरी कढईत.

बोळका भुट्टा

सराफ्यात दिवसा दागिने विकले जातात आणि दुकानं मिटली की त्याच रस्त्यावर खाणं मांडलं जातं. तिथला भुट्ट्याचा कीस खाऊन आल्यावर मला घरच्या मक्याचा कीस करायची हौस आली. कठड्याला लागून सहा रोपं एका ओळीत लावली. रोपं माझ्यापेक्षा उंच झाली. कणसं सोलली आणि आत बघते तर काय, सहा महिन्यांच्या बाळासारखी दोन दात वर, तीन दात खाली!

चूक ओळीची होती. मक्याचं परागण वारा करतो. शेंड्यावरचा तुरा नराचा, आणि कणसातून लोंबणारं रेशीम मादीचं. त्या रेशमाचा एकेक धागा म्हणजे एकेक दाणा. ज्या धाग्यावर पराग पडला नाही, त्याचा दाणा भरत नाही. ओळीत लावलं की पराग वाऱ्याबरोबर शेजाऱ्यांकडे. म्हणून मका चौकोनात, दाटीनं लावायचा आणि सकाळी तुरे हलवायचे. आणखी एक गंमत, पुढचा भुट्टा खाताना मोजा. दाण्यांच्या ओळी नेहमी समच भरतात. बारा, चौदा, सोळा. तेरा मिळाल्या तर मला कळवा.

कीस असा. कोवळं कणीस किसणीवर हलक्या हातानं ओढायचं, म्हणजे दाण्यातलं दूध उतरतं आणि साल मागे राहते. तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, हळद. त्यात कीस घालून कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, मग थोडं थोडं दूध घालत शिजवायचा. इथे घाई करणाऱ्याचा कीस खळ होतो. कडा सुटायला लागल्या, चमच्याला तूप दिसायला लागलं की मीठ, चिमूट साखर, गॅस बंद केल्यावर लिंबू. वर खोबरं आणि अर्थातच घरची कोथिंबीर. सहा बोळक्या कणसांचा दोन वाट्या कीस झाला आणि पाच माणसांनी तो प्रसादासारखा हातावर घेऊन खाल्ला.

मिरचीबद्दल एक. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्यात असतो. आणि पोपटांना तो लागतच नाही. आमच्या मिरच्यांवर त्यांचा डोळा का, हे आता समजलं.

गोणीतला गराडू

थंडी पडली की इंदूरच्या जिभेला गराडू आठवतो. आपल्या कोनफळाच्या जातीचा हा पांढरा कंद. फोडी तळून, पुन्हा तळून, वर जीरावण आणि लिंबू. हाताला चटका बसेल इतका गरम खायचा, फुंकर मारणारा परगावचा.

त्याचा वेल लावायला फार काही लागत नाही. उन्हाळा सरताना डोळा असलेला सालासकट तुकडा खत भरलेल्या गोणीत पुरायचा. पावसात वेल असा धावतो की कपडे वाळवायची दोरी त्याच्या नावावर करून द्यावी लागते. वेल बोटांत फिरवून बघा, गोल नाही, चौकोनी लागेल. चारी कोपऱ्यांना पातळ पंख असतात. पानं पिवळी पडली की गोणी फाडायची. आमचा पहिला गराडू हाताच्या पंजासारखा निघाला, पाच बोटांसह. सोलताना हातांना तेल चोळलं नाही तर अळूसारखी खाज सुटते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. “विचारलंस कुठे?” म्हणाल्या.

सराफ्यातली दुसरी हुकमी गोष्ट म्हणजे साबुदाण्याची खिचडी. सोवळ्यातल्या आजींना सांगू नका, पण साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणे तिकडचे, बटाटा तिकडचा, मिरचीही अमेरिकेकडचीच. उपासाच्या खिचडीतलं जवळजवळ सगळं सातासमुद्रापलीकडून आलंय. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूसुद्धा मूळचा मेक्सिकोचा! झेंडूचं एक बरं, वांगी-टोमॅटोच्या शेजारी लावला तर त्याची मुळं मातीतल्या सूत्रकृमींना पळवतात. तोरण वाळलं की ड्रममध्ये.

कढीपत्त्यावर पक्ष्याची घाण पडलेली दिसली तर पुसायला जाऊ नका. नीट बघा, ती हलेल. फुलपाखराची अळी आहे, वेषांतर करून बसलेली. लिंबाच्या झाडावरही हीच सापडते, कारण कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. आम्ही एक कुंडी तिच्या नावावर सोडली आहे. आमटीला दुसरी.

ड्रमची उपासमार

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला, दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं कसं भागेल याची मांडणी केली, ‘विपुलाच सृष्टी’ लिहिलं. त्यांच्या विचाराचा धागा धरून दीपक सचदे यांनी इकडे देवास जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या बजवाड्याला ‘अमृतमाती’ करून दाखवली. पालापाचोळ्यातून माती घडवायची. म्हणजे हॉवर्ड आणि वाडांचा ढीग एक फेरा मारून कोल्हापूरमार्गे पुन्हा माळव्यात आला.

आमच्या घरी मात्र त्या ढिगाला एक प्रतिस्पर्धी आहे, मराठी स्वयंपाकघर. दोडक्याच्या शिरा? तीळ-खोबरं घालून चटणी. दुधीची साल? तीही चटणीत. कोथिंबिरीचे देठ आमटीत, फ्लॉवरचे दांडे भाजीत, शेवग्याचा पाला थालीपिठात, कलिंगडाचा पांढरा भाग धिरड्यात. मी ड्रमकडे निघाले की सासूबाई ताटलीत डोकावतात आणि त्यातलं अर्धं परत घेतात. “साहेबाला काय कळतंय चटणीतलं,” असं पुटपुटतात. ड्रमच्या वाट्याला उरतात केळ्याच्या साली, चहाचा चोथा आणि आंब्याच्या कोयींसारखं काहीबाही.

तरी मागच्या आठवड्यात त्याच ड्रमच्या भोकातून एक वेल बाहेर आला. पानं पंजाएवढी, खरखरीत, तणावा दोरीपर्यंत पोचलेला. भोपळा म्हणावा तर पान लहान, काकडी म्हणावी तर मोठं. नवरा म्हणाला उपटून टाकू, खत उकरायचंय.

सासूबाईंनी वेलाला सुतळीनं कठड्याशी बांधलं. “राहू दे. संध्याकाळी पांढरं उमललं तर दुधी, पिवळं उमललं तर दोडका. आणि पहाटे उमललं, तर मला उठव.”